बाजारात तुरी, डब्यात पेनी

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे काका १९७१ साली नोकरीसाठी डेट्रॉइटला गेले, तिकडेच राहिले आणि गेल्या वर्षी वारले. रोज रात्री खिशातली चिल्लर ते कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात टाकत आणि एखादं नाणं वेगळं वाटलं तर कागदात गुंडाळून ठेवत. घर आवरताना काकूंनी तो डबा ताईंना दिला. चुलत भाऊही तेव्हा म्हणाला, "ने, तुलाच आवड आहे असल्या गोष्टींची." त्यानंतर ताईंनी 'तुमच्या घरातली पेनी लाखोंची' छापाचे व्हिडिओ पाहिले (पेनी म्हणजे अमेरिकेतलं एक सेंटचं नाणं) आणि त्यांची झोप उडाली. कागदाच्या पुड्यांत त्यांना अक्षरं दुहेरी दिसणारी १९७२ची पेनी सापडली, १९४३ची एक तांबूस पेनी, कड जाड होऊन आत वळलेली पंचवीस सेंटांची एक क्वार्टर, दोन्हीकडे वॉशिंग्टनचंच तोंड असलेली दुसरी क्वार्टर आणि अर्धी कोरी डाइम, म्हणजे दहा सेंटांचं नाणं, सापडली. शिवाय पृष्ठभागावर फोड आलेल्या दहा-बारा पेन्या आहेत. समाजमाध्यमावरच्या एका गटात कुणीतरी सगळ्या डब्याचे सहाशे डॉलर देऊ केले आहेत आणि उद्यापर्यंत कळवा म्हणतो आहे. ताई विचारतात: विकून टाकू, की सगळी नाणी तपासायला पाठवू? आणि त्या चुलत भावाला, दादाला, सांगू का? सांगितलं तर तो वाटा मागेल, न सांगावं तर मन खातं. जाता जाता त्या लिहितात की काळी पडलेली चार-पाच नाणी काकूंनी चिंचेने घासून दिली, 'आता छान दिसतात.'

ताई,

सगळ्यात आधी त्या सहाशेवाल्याला 'नाही' कळवून टाका. तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही. पण फोटोंवरून अख्ख्या डब्याची किंमत ठरवणारा आणि वर उद्याची मुदत घालणारा माणूस तुमच्यापेक्षा काहीतरी जास्त पाहून बसला आहे, एवढं नक्की. डबा पन्नास वर्षं थांबला, अजून दोन महिने थांबेल. कुणी उलट तुमच्याकडेच आधी नोंदणीचे किंवा कमिशनचे पैसे मागितले, तर संभाषण तिथेच संपवा. भारतातल्या वाचकांना हा प्रकार वैष्णोदेवीच्या नाण्यामुळे आणि जुन्या नोटांमुळे ठाऊक आहे. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेलाच जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचं नाव घेऊन शुल्क मागणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही.

आता नाणी. 'हिची किंमत किती?' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याआधी प्रत्येक नाण्याला एकच विचारायचं: ही खोड तुला कुठे लागली? खोड लागण्याच्या जागा तीनच. ठसा घडवताना, नाणं पाडताना किंवा टांकसाळीबाहेर पडल्यावर. आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. मोदकाच्या साच्यालाच चीर गेली असेल, तर एकवीसही मोदकांवर तीच चीर उमटते. एखादा मोदक साच्यातून काढताना चेपला, तर तो एकटाच चेपका. आणि ताटातला मोदक नातवाने बोटाने दाबला, तर त्यात साच्याचाही दोष नाही आणि करणारीचाही नाही. संग्राहक पैसे मोजतात ते पहिल्या दोन प्रकारांना. तिसरा दिसायला कितीही विचित्र असो, तो नातवाने दाबलेला मोदकच. व्हिडिओवाले या तिन्हींची खिचडी करतात आणि आपली झोप उडते ती तिथे.

तुमच्या पुड्यांपैकी मला सगळ्यात आशेची वाटते ती १९७२ची पेनी. ती वर्षं काकांच्या खिशातल्या चिल्लरीची होती, आणि १९७२च्या पेनीत खरोखरची, नामांकित 'डबल डाय' आहे. डाय म्हणजे ठसा, उलटी नक्षी असलेला पोलादी तुकडा. मूळ नक्षीचा साचा पोलादात दाबून तो तयार करत. त्या काळी एका दाबात नक्षी पुरती उतरत नसे. पोलाद तापवून मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या खेपेला साचा केसभर फिरला, की ठशावरच अक्षरं दोनदा कोरली जात. मग त्या ठशातून पडलेली हजारो नाणी एकमेकींची सख्खी बहीण.

ओळखायचं कसं, तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं. नाणं टेबलावर ठेवा, दिवा एका बाजूने येऊ द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. 'लिबर्टी', 'इन गॉड वुई ट्रस्ट' आणि साल या तिन्ही ठिकाणी पाहा. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं गोलसर, उठावाची असतात. अक्षर रुंद झालेलं दिसतं आणि त्याच्या टोकाला दोन पात्यांमध्ये असते तशी खाच पडते. १९७२च्या नामांकित ठशात ही दुहेरी अक्षरं भिंगाशिवायही दिसतात. याउलट नाणं पाडताना ठसा सैल असल्यामुळे किंचित हलला, तर अक्षराच्या कडेला सपाट, पायरीसारखी सावली पडते आणि अक्षर उलट बारीक होतं. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. तो ढिगाने सापडतो आणि त्याला कुणी पैसे देत नाही. मला फोटो येतात त्यांतले बहुतेक याच जातीचे असतात. बिचारे पाठवणारे हिरमुसतात.

आणखी एक पाहा. सालाखाली 'डी' किंवा 'एस' असं बारीक अक्षर आहे का? 'डी' म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची. नामांकित १९७२ फिलाडेल्फियाची आहे आणि तिथल्या पेनीवर तेव्हा अक्षर नसे. अक्षर असेल, तर तुमची पेनी ती नव्हे. नसेल, आणि दुहेरी अक्षरं प्रसिद्ध फोटोंशी तंतोतंत जुळली, तर वापरून झिजलेल्या स्थितीत दीड-दोनशे डॉलर आणि न वापरलेल्या, मूळ लाल झळाळी असलेल्या स्थितीत साधारण तीनशे ते पाचशे. फोटोंशी जुळवा म्हणते ते यासाठी की एका ठशातल्या सगळ्या बहिणींचे चेहरे सारखे असतात. तुमच्या नाण्याची एकही बहीण कुठे सापडत नसेल, तर ते दुर्मीळ असण्यापेक्षा साधं असण्याचीच शक्यता जास्त.

या अक्षराच्या एवढ्याशा फरकावरच व्हिडिओंचं दुकान चालतं. १९६९ची, सालाखाली 'एस' असलेली डबल डाय पेनी २००८मध्ये लिलावात १,२६,५०० डॉलरला गेली. ही गोष्ट खरी आहे. पण व्हिडिओत 'तुमची १९६९ची पेनी तपासा' एवढंच ऐकू येतं. 'एस'चं नाव नाही आणि दुहेरी अक्षरांचंही नाही.

सगळ्या डबल डायांत गाजलेली म्हणजे १९५५ची पेनी. फिलाडेल्फियात एका पाळीत दुहेरी अक्षरांच्या ठशातून हजारो पेन्या पडल्या. चूक लक्षात आली तोवर त्यांतल्या वीस ते चोवीस हजार लाखो चांगल्या पेन्यांत मिसळून गेल्या होत्या. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ देत, असं ठरलं. लोकांच्या हाती त्या लागल्या सिगारेटच्या पाकिटांत: यंत्रात पंचवीस सेंट टाकायचे, पाकीट तेवीसचं, म्हणून उरलेल्या दोन पेन्या पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनात सरकवलेल्या असत. आज झिजलेली १९५५सुद्धा हजार डॉलरच्या घरात जाते. तिची एक गरीब चुलत बहीणही आहे: ठसा वापरून वापरून झिजल्यामुळे जिच्या सालातला फक्त शेवटचा ५ दुहेरी दिसतो ती. तिला थोडे डॉलरच मिळतात. नावं सारखी, घराणी वेगळी.

१९४३च्या पेनीसाठी भिंग लागत नाही, फ्रिजवरचं चुंबक लागतं. युद्धासाठी तांबं हवं होतं म्हणून त्या वर्षी अमेरिकेत पेन्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पाडल्या. आधीच्या वर्षाच्या थोड्या ब्राँझच्या चकत्या डब्यांत अडकून राहिल्या होत्या, त्या यंत्रात गेल्या आणि बोटांवर मोजण्याएवढ्या तांबूस १९४३ जन्मल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या एका शाळकरी मुलाला १९४७मध्ये शाळेच्या कँटीनमधून परत मिळालेल्या चिल्लरीत एक सापडली. सरकारकडे चौकशी झाली तेव्हा उत्तर आलं, अशी नाणी पाडलीच नाहीत. त्याने ती जन्मभर जपली. जानेवारी २०१९मध्ये तिला २,०४,००० डॉलर आले.

म्हणून तर तिच्या नकला घरोघरी आहेत. तुमची चुंबकाला चिकटली, की ती पोलादी पेनी आणि तिच्यावर कुणीतरी तांब्याचा मुलामा चढवला. माझा अंदाज तोच आहे. चिकटली नाही तरी हुरळू नका. १९४८मधला ८ एका बाजूने घासून ३ करणारे कारागीर होऊन गेले आहेत. एखाद्या साध्या पोलादी १९४३ शेजारी ठेवून तीनचं वळण भिंगातून ताडून पाहा आणि वजन करा: ब्राँझची ३.११ ग्रॅम, पोलादी सुमारे २.७. दोन्ही परीक्षांत पास झाली तर ती पुडी परत बांधा, कुणालाही दाखवू नका आणि थेट नामांकित तपासणी संस्थेकडे जा.

बाकीची पटकन सांगते. क्वार्टर (इथे पंचवीस सेंटांच्या नाण्याबद्दल बोलते आहे, हसू नका) जिची कड जाड होऊन आत वळली आहे, ती बहुधा लाँड्रोमॅटच्या ड्रायरमध्ये अडकली होती. ड्रमच्या फटीत महिनोन्महिने गडगडत राहिलं की नाणं कडेने लाटलं जातं. किंमत पंचवीस सेंट. दोन तोंडांची क्वार्टर जादूगारांच्या दुकानातली. कडेच्या आतल्या अंगाला भिंगाने शोधलंत तर सांध्याची बारीक गोल रेघ सापडेल. काकांनी पोरांना गंमत दाखवायला आणली असेल. फोड आलेल्या पेन्या सालं पाहिलीत तर १९८२ किंवा त्यानंतरच्या निघतील. तेव्हापासून पेनी आतून जस्ताची आणि वरून तांब्याच्या पातळ पापुद्र्याची. खाली हवा किंवा ओल राहिली की पापुद्रा फुगतो. त्या खर्चून टाका. हो, नोव्हेंबर २०२५मध्ये फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पडली, तरी साध्या पेन्या त्यामुळे महाग झालेल्या नाहीत. कोट्यवधी पडून आहेत.

डाइमकडे मात्र नीट पाहा. अर्धी कोरी म्हणजे चकती ठशांच्या मध्ये सरळ बसली नाही आणि नक्षी एकीकडे सरकली. हा पाडतानाचा दोष, दुसऱ्या प्रकारचा, खरा. इथे दोन गोष्टींवर मोल ठरतं: नक्षी किती सरकली आणि साल दिसतं की नाही. साल दिसत असेल तर पंचवीस-पन्नास डॉलर कुठे गेले नाहीत. साल गायब असेल तर कमी. १९६४ किंवा आधीची असेल तर ९० टक्के चांदीची, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, नंतरची २.२७. काकांच्या डब्यात चांदीच्या साध्या डाइमा आणि क्वार्टरही निघू शकतात, आणि मला विचाराल तर अशा डब्यांत खात्रीचा पैसा बहुतेक वेळा त्यांचाच असतो. १९६४पर्यंतची सालं वेगळी काढा, कडेला तांब्याची लाल रेघ दिसते का पाहा. नसेल तर चांदी. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यात नाट्य नाही.

आता चिंच. काकूंना काही बोलू नका, त्यांनी मायेने केलं. मी आठवीत असताना आजोबांच्या शिवराया चिंच आणि राखेने घासून लखलखीत केल्या होत्या आणि ओळखीच्या एका जुन्या संग्राहकांना कौतुकाने दाखवल्या. त्यांनी एकेक नाणं कडेला धरून उजेडात तिरकं केलं, परत माझ्या हातावर ठेवलं आणि फक्त विचारलं, "अजून घासायच्या राहिल्यात का काही?" राहिल्या नव्हत्या. चिंचेतलं आम्ल आणि घासण्याचे ओरखडे मूळ पृष्ठभाग खाऊन टाकतात, आणि तो परत येत नाही. तपासणी संस्था अशा नाण्याबद्दल ते खरं असल्याचं सांगतात, पण सरळ दर्जा देत नाहीत. 'साफ केलेलं' अशी नोंद होते आणि भाव पडतो, कधी निम्म्याच्या खाली. १९७२ची त्या चार-पाचांत नव्हती ना, हे आज विचारून घ्या. पुढे नाण्याला कडेलाच धरा. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत घालू नका, त्यातून हिरवा चिकटा सुटतो. पुठ्ठ्याच्या चौकटीतली पारदर्शक खिडकीची पाकिटं मिळतात, ती स्वस्त आहेत.

सगळी नाणी तपासायला पाठवू का, म्हणता. नको. पीसीजीएस, एनजीसी, अॅनॅक्स या तिन्ही संस्था विश्वासाच्या आहेत. नाणं खरं का ते पाहतात, १ ते ७० अंकांत दर्जा देतात आणि सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. पण दोषाच्या नाण्याची फी, जाण्या-येण्याचं टपाल आणि विमा धरला तर एका नाण्यामागे पन्नास डॉलरच्या पुढे सहज जातात. शिवाय कोणता दोष तपासायचा ते अर्जात स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर नुसतं साल आणि दर्जा लिहून नाणं परत येतं. पंचवीस डॉलरच्या डाइमवर पन्नास घालण्यात काय हशील? माझा हिशेब सोपा आहे: तपासून आल्यावर निदान दोनशेला जाईल असं वाटतं तेच पाठवायचं. म्हणजे तुमच्या डब्यातलं एक. फार तर दोन, चुंबकाने कृपा केली तर. त्याआधी जवळच्या नाणेसंग्राहकांच्या क्लबात किंवा प्रदर्शनात जा. न्यू जर्सीत ती होत असतात, आणि तिथले म्हातारे संग्राहक फुकट पाहून देतात. फक्त ज्याला दाखवाल त्यालाच त्याच दिवशी विकू नका. कोनेका नावाची दोषाच्या नाण्यांचीच संघटना आहे, तिचे जाणकारही डबल डाय ओळखून देतात.

भाव पाहताना मागितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा. कुणीही पेनीपुढे दहा लाख लिहू शकतो. मोठ्या लिलावगृहांची जुन्या विक्रीची दफ्तरं इंटरनेटवर पाहता येतात. तिथे तुमच्याच सालाचं, तुमच्याच दर्जाचं नाणं शोधा. तिथला आकडा सहसा खरेदीदाराने भरलेला असतो, त्यात लिलावगृहाचं कमिशन धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी येतं. दुकानदार तर आणखी कमी देणार, कारण त्याला पुढे विकायचं आहे. यात फसवणूक नाही. मोठी रक्कम आलीच तर कर सल्लागाराला विचारा. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि वारशाच्या वस्तूचा नफा साधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या किमतीपासून मोजतात. म्हणून डबा कधी आणि कसा मिळाला ते एका कागदावर लिहून ठेवा.

राहिला दादा. तुम्ही धरून चालला आहात की आधी किंमत कळू दे, मग सांगायचं का ते ठरवू. मला हे उलटं वाटतं. आज डब्याची किंमत शून्य ते हजार यांत कुठेही आहे, म्हणजे बाजारात तुरी आहेत आणि भट-भटणीचं भांडण तुम्ही एकट्याच मनात दोन्ही बाजूंनी भांडताय. आकडा हाती आल्यावर सांगितलंत, तर ती कबुली होईल. आज सांगितलंत तर ती बातमी आहे. डबा काकूंचा होता, त्यांनी तुम्हाला दिला, दादाने हो म्हटलं. तुमची बाजू भक्कम आहे, म्हणून तर बोलणं सोपं आहे. तो वाटा मागेलच हेही तुम्ही गृहीत धरलं आहे. कदाचित मागेल. पण मला वाटतं, १९७१ साली परक्या गावात आलेल्या आपल्या वडिलांनी कुठली पेनी कागदात का गुंडाळली, हे ऐकायला त्याला जास्त आवडेल. त्या पुड्यांचे कागद टाकले नाहीत ना? एखाद्यावर तारीख असेल, कुठल्या दुकानातून मिळाली ते असेल. नाण्याच्या बाजारभावाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी दादाला दाखवायचे ते कागद.

शब्द सुचत नसतील, तर हे घ्या, हवं ते बदला: "दादा, काकांच्या डब्यात काही वेगळी नाणी आहेत. एक-दोन जरा किमतीची असू शकतात, नक्की माहीत नाही. मी शनिवारी तपासायला बसणार आहे, तूही व्हिडिओवर ये. काही निघालंच तर काय करायचं ते काकूला विचारून आपण दोघं ठरवू." काकूंचं नाव त्यात राहू द्या; डबा देताना त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं की आत काय आहे.

निरोप आजच पाठवा. भिंग आणि वजनकाटा पोचायच्या आधी.